पुण्याची बस: थांब्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अनेक वर्षं मी रोज बसने कामाला जाते. थांब्यावर उभं राहिलं की ओळखी होतात, आणि बस आली नाही की तेच ते प्रश्न निघतात. सुरुवातीला मीही नुसती वैतागायचे. मग एकेका प्रश्नाचं उत्तर शोधायला लागले, कंडक्टरांशी, ड्रायव्हरांशी बोलायला लागले. शेजारच्या काकूंना, ऑफिसमधल्या मुलींना, वर्षभरापूर्वी नांदेडहून शिकायला आलेल्या भाचीला जे सांगत आले, तेच इथे लिहिते आहे.

पीएमटी म्हणायचं, पीएमपी की पीएमपीएमएल?

काहीही म्हणा, कंडक्टरला कळतं. पुणे महापालिकेची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी अशा दोन वेगळ्या सेवा होत्या. २००७ मध्ये त्या एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड ही कंपनी झाली. जुने पुणेकर अजून पीएमटीच म्हणतात, वर्तमानपत्रं पीएमपी लिहितात. नवीन माणसाने एक मात्र लक्षात ठेवावं: पाटीवर ‘मनपा’ असेल तर ते शिवाजीनगरचं महापालिका भवन. स्वारगेटला पीएमपीचं आणि एसटीचं स्थानक शेजारी शेजारी असलं तरी दोन्ही सेवा वेगळ्या. एकीचा पास दुसरीत चालत नाही.

अर्धा तास एकही बस येत नाही आणि मग एकामागोमाग तीन येतात. हे मुद्दाम करतात का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो आणि माझ्या मते पुण्याच्या बसचं खरं दुखणं इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा कात्रजहून शिवाजीनगरला दर दहा मिनिटांनी बस सुटते. पहिली बस स्वारगेटच्या अलीकडे कोंडीत चार मिनिटं अडकली. आता पुढच्या थांब्यावर दहाऐवजी चौदा मिनिटांची माणसं जमलेली असतात. ती चढायला जास्त वेळ लागतो, तिकिटं जास्त, दारात रेटारेटी जास्त, उतरणारेही जास्त. बस आणखी दोन मिनिटं मागे पडते. तिच्या मागची बस मात्र जवळजवळ रिकाम्या थांब्यांवरून येते, कारण तिची माणसं आधीच पहिलीत कोंबली गेलेली असतात. ती भराभर पुढे सरकते आणि बाजीराव रस्त्यावर पहिलीला गाठते. तिसरीचंही तेच. मग आपल्याला दिसतं ते असं: पहिली ओसंडून वाहतेय, दुसरी अर्धी भरलेली, तिसरीत खिडकीशी जागाच जागा. कंडक्टर दारातून ओरडत असतो, “मागे रिकामी गाडी आहे, मागे या!” पण अर्धा तास ताटकळलेल्या माणसाचा त्यावर विश्वास बसत नाही. तो पायरीवर एक पाय टेकवून दांडी पकडतोच.

याचा हिशेब करून पाहा. तासाला सहा बस सारख्या अंतराने आल्या तर थांब्यावर येणाऱ्याला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. त्याच सहा बस तीन-तीनच्या झुंडीने आल्या तर सरासरी पंधरा मिनिटं. बस तितक्याच, सीएनजी तेवढाच, ड्रायव्हर-कंडक्टरचे पगारही तेच. नवीन एकही गाडी न घेता प्रवाशाचा वेळ तिप्पट गेला किंवा तिपटीने वाचला. म्हणून नव्या बस आल्याची बातमी वाचली की मला आनंद होतोच, पण त्या एकमेकींपासून अंतर राखून धावणार का, हा प्रश्न लगेच मनात येतो.

उपाय आहेत. मधल्या मोठ्या स्थानकावर पुढे आलेली बस दोन-तीन मिनिटं थांबवून धरणं हा त्यातला सगळ्यांत स्वस्त. त्यासाठी तिथे अधिकार असलेला नियंत्रक हवा आणि बसची जागा दाखवणारी यंत्रणा त्याच्यासमोर हवी. गाड्यांवर जीपीएस आहे, म्हणजे माहिती आहे. दुसरा उपाय म्हणजे तिकीट आधीच काढलेलं असणं, म्हणजे चढण्यात वेळ जात नाही. आणि तिसरा, बसला रस्ता मोकळा मिळणं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पुण्याला नक्की किती बस लागतात?

केंद्र सरकारच्या नगरविकास खात्याने शहरी वाहतुकीसाठी जे मापदंड ठरवले आहेत, त्यांत चांगल्या सेवेसाठी एक लाख लोकसंख्येमागे किमान साठ बस असाव्यात असं म्हटलं आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर होती. म्हणजे दोन्ही मिळून ४८ लाख. त्या जुन्या आकड्यावरही २,९०० बस हव्यात. ताफा मात्र दोन हजारांच्या आसपास राहिला आहे आणि त्यातल्याही सगळ्या रोज रस्त्यावर येत नाहीत. काही दुरुस्तीला, काही सुट्या भागांसाठी डेपोत उभ्या.

जनगणना झाल्यानंतर शहर किती पसरलं तेही बघा. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. हद्द वाढली, पण बस त्या मानाने वाढल्या नाहीत. त्यामुळे एका मार्गावरच्या बस काढून दुसऱ्याला द्यायच्या, असं चालतं. नवीन मार्ग सुरू झाल्याचा फोटो येतो तेव्हा कोणत्या तरी जुन्या मार्गावरच्या दोन फेऱ्या कमी झालेल्या असण्याची शक्यता असते.

आमच्या नव्या सोसायटीपर्यंत बस का येत नाही?

बहुतेक वेळा कारण रस्त्याचं असतं. बारा मीटरची बस वळवायला मोकळी जागा लागते. टोकाला ती जागा नसेल तर मार्ग निघत नाही. पत्र देताना वळण्याची जागा कुठे आहे ते नकाशासह लिहा आणि सकाळी किती जण कुठे जातात त्याची सह्यांसकट यादी जोडा. नुसत्या ‘बस सुरू करावी’ या अर्जापेक्षा त्याला वजन येतं.

बस थांब्याच्या खूप पुढे किंवा रस्त्याच्या मधोमध का उभी करतात?

कधी ड्रायव्हरची घाई असते, ते खरंच आहे. पण एकदा थांब्यावर दहा मिनिटं फक्त रस्त्याकडे बघत उभे राहा.

मागच्या पावसाळ्यात कर्वे रस्त्यावर मी उभी होते. थांब्याच्या पिवळ्या पट्ट्यावर एक पांढरी मोटार, तिच्यापुढे भाडं शोधणाऱ्या दोन रिक्षा. मोटारीत बसलेला गृहस्थ फोनवर बोलत होता. बस आली, कडेला येऊच शकली नाही, दुसऱ्या लेनमध्ये थांबली. माझ्याशेजारी सत्तरीच्या एक आजी होत्या. हातात पिशवी, नऊवारीचा काठ भिजलेला. त्या फुटपाथवरून उतरल्या, मोटार आणि रिक्षा यांच्यामधून वाट काढत बसच्या दाराशी गेल्या. फुटपाथवरून बसच्या पायरीवर पाय टाकता आला असता तर ती एक वीत उंची होती. रस्त्यावरून ती गुडघ्याच्या वर गेली. डावीकडून एक दुचाकी बस आणि आजी यांच्या मधून निघून गेली. कंडक्टरने खाली उतरून हात दिला म्हणून त्या चढल्या. एवढ्यात मागे हॉर्न सुरू झाले होते, बसच्या नावाने.

थांब्यावर गाडी उभी करणं हा वाहतुकीचा नियमभंग आहे. पण बस सेवेला शिव्या घालणाऱ्यांपैकी किती जण आपली गाडी ‘दोनच मिनिटं’ म्हणून तिथेच लावतात, याचा मला फार त्रास होतो. बस कडेला आली नाही की चढायला वेळ लागतो, वेळ लागला की बस मागे पडते, आणि मग वरचं तीन बसचं गणित सुरू होतं. थांबे मोकळे ठेवणं हे वाहतूक पोलिसांचं आणि महापालिकेचं काम आहे, एकट्या बस कंपनीचं नाही.

ठेकेदाराची बस आणि महामंडळाची बस यांत फरक काय?

ताफ्यातल्या बऱ्याच बस भाडेतत्त्वावरच्या आहेत. त्यांत बस, ड्रायव्हर आणि दुरुस्ती ठेकेदाराची. कंडक्टर आणि तिकिटाचे पैसे महामंडळाचे. ठेकेदाराला प्रवासी किती बसले यावर नाही, तर धावलेल्या किलोमीटरवर ठरलेला दर मिळतो.

याचा फायदा असा की कमी गर्दीच्या मार्गावरही बस धावते, तिथे माणसं कमी म्हणून ठेकेदार अंग चोरत नाही. तोटा असा की थांब्यावर हात करणारा माणूस घेतला काय आणि सोडला काय, किलोमीटर तेवढेच. करारात दंडाची तरतूद असते, पण थांबा सोडल्याची नोंद कोणी तरी केली तर दंड. म्हणून आपली तक्रार इथे खरोखर उपयोगी पडते.

दुसरी अडचण पैशांची. बिलं थकली की बस थांबतात. मार्च २०२३ मध्ये ठेकेदारांनी थकबाकीसाठी बस बंद ठेवल्या आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत मुलं थांब्यांवर अडकली. ठेकेदाराच्या ड्रायव्हरांनाही दोष देताना मी थोडी थांबते. महामंडळाच्या कायम नोकरीतल्या ड्रायव्हरइतका पगार आणि सुरक्षितता त्यांना नाही, आणि कितीतरी शेवटच्या थांब्यांवर धड स्वच्छतागृहही नाही. आठ तास पुण्याच्या रहदारीत क्लच दाबणाऱ्या माणसाकडून शांत वागण्याची अपेक्षा ठेवायची तर त्याला पाच मिनिटं बसायला जागा दिली पाहिजे.

बस वाटेतच बंद का पडतात?

वय, ओझं आणि देखभाल ही तीन कारणं. जुन्या बस वेळेवर बाद होत नाहीत, कारण त्यांच्या जागी नवीन आलेल्या नसतात. ठरल्या क्षमतेच्या दीडपट माणसं रोज वाहिली की स्प्रिंगा, ब्रेक, क्लच लवकर जातात. पुण्यात चढही कमी नाहीत, कात्रजकडे आणि चांदणी चौकाकडे भरलेली बस कशी कण्हत जाते ते ऐकलंच असेल.

इलेक्ट्रिक बस २०१९ च्या सुरुवातीला आल्या. त्या मला मनापासून आवडतात. आवाज नाही, धूर नाही.

बीआरटीचं काय झालं?

बीआरटी म्हणजे रस्त्यात फक्त बससाठी राखलेली वेगळी मार्गिका. देशातला तिचा पहिला प्रयोग डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात झाला, कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर. पुढे २०१५ पासून ‘रेनबो’ नावाने संगमवाडी–विश्रांतवाडी, औंध–रावेत असे मार्ग आले, नंतर नगर रस्ता, आणि २०१८ मध्ये दापोडी–निगडी. पिंपरी-चिंचवडचे रस्ते रुंद, तिथे ही कल्पना बऱ्यापैकी रुजली. पुण्यात बसच्या मार्गिकेत दुचाकी आणि मोटारी शिरत राहिल्या, रस्त्याच्या मध्यावरच्या स्थानकापर्यंत जाणं वयस्कर माणसांना जिवावर येई, आणि मेट्रोची, पुलांची कामं आली की पहिली कुऱ्हाड बसच्या मार्गिकेवर पडली. नगर रस्त्यावर काही भाग उखडूनच टाकला.

मला हे मान्य नाही. रस्त्यावर एक बस तीन मोटारींएवढी जागा घेते आणि साठ माणसं नेते. त्या साठ माणसांसाठी रस्त्याचा एक पट्टा मोकळा ठेवणं ही मेहेरबानी नाही. पहिल्या आराखड्यात चुका होत्या, त्या दुरुस्त करता आल्या असत्या. सगळीकडे सिमेंटचे कठडे घालायलाही नकोत. गर्दीच्या वेळी कडेची एक लेन फक्त बसला दिली आणि पोलिसांनी ती राखली, तरी खूप फरक पडेल.

जाताना जिथे चढते तिथे समोरच परतीचा थांबा का नाही?

एकेरी रस्त्यांमुळे. लक्ष्मी रस्त्याने जाणारी बस परत कुमठेकर रस्त्याने येते, जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्त्याचंही तसंच. नवीन माणसाने जातानाच कंडक्टरला परतीचा थांबा विचारून ठेवावा.

भाडं इतकं का वाढलं? पास काढणं परवडतं का?

१ जून २०२५ पासून पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३०, असे टप्पे झाले. त्याआधीची वाढ २०१४ ची. अकरा वर्षांत इंधन आणि पगार वाढले हे कबूल, पण सगळी वाढ एकदम केल्याने सर्वांत जास्त फटका कमी अंतराच्या प्रवाशाला बसला. दोन किलोमीटरसाठी ५ रुपये देणारी घरकामवाली बाई आता १० देते, आणि तिची दिवसाकाठी तीन-चार घरं असतात.

पासचा हिशेब असा. दिवसाचा पास ७० रुपयांचा. २० रुपयांच्या चार फेऱ्या होणार असतील तर तो सुटतो, तीनमध्ये नाही. महिन्याचा पास १,५०० रुपयांचा. महिन्यात २६ दिवस, दोन वेळा, २० रुपये तिकीट धरलं तर १,०४० होतात, म्हणजे पास महागच. तिकीट ३० रुपयांचं असेल तर १,५६० होतात, तिथे पास कामी येतो. वाटेत बस बदलावी लागत असेल तर मात्र पास आधीच काढा. विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी सवलतीचे पास वेगळे आहेत.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मग पीएमपीत का नाही?

एसटीतली सवलत राज्य सरकारने मार्च २०२३ मध्ये दिली आणि तिचे पैसे राज्य सरकार एसटीला भरून देतं. शहर बस त्या योजनेत नाही. पीएमपीत अशी सवलत हवी असेल तर तो भार राज्याने किंवा दोन्ही महापालिकांनी उचलायला हवा. सध्या फक्त महिलांसाठीच्या ‘तेजस्विनी’ बस आहेत, आणि दर महिन्याच्या ८ तारखेला त्यांतला प्रवास मोफत असतो. इतर बसमध्ये डाव्या बाजूची आसनं बायकांसाठी राखीव. तिथे कोणी पुरुष बसला असेल तर न बिचकता उठवा, कंडक्टर मदत करतात.

दरवर्षी इतका तोटा होतो, तर सेवा खासगी का करत नाहीत?

तोटा दोन महापालिका वाटून घेतात, पुणे ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के. पण ‘तोटा’ हा शब्दच मला खटकतो. उड्डाणपुलावर कोट्यवधी खर्च होतात, तो किती तोट्यात गेला असं कोणी विचारत नाही. पहाटे साडेपाचला मार्केट यार्डात जाणारा हमाल, ससून रुग्णालयात नातेवाइकाचा डबा नेणारी बाई, रात्री पाळी संपवून भोसरीहून घरी येणारा कामगार यांची बस नफ्यात चालणार नाही, आणि चालावी अशी अपेक्षाही नसावी. चोरी, उधळपट्टी, विनाप्रवासी फिरवलेले किलोमीटर यांचा हिशेब मात्र कडक घ्यावा. बऱ्याच बस आणि त्यांचे ड्रायव्हर खासगी आधीच आहेत. त्याने वाट पाहणं कमी झालं नाही, हे आपण पाहतोच आहोत.

सुट्ट्या पैशांची कटकट कधी संपणार?

बरीचशी संपली आहे. कंडक्टरच्या मशीनवर क्यूआर कोड स्कॅन करून २०२३ पासून पैसे देता येतात. २०२४ मध्ये महामंडळाचं ॲपही आलं, त्यावर तिकीट, पास आणि बस कुठे आहे ते दिसतं. वयस्कर मंडळी अजून रोखच देतात, तेव्हा दहाच्या नोटा जवळ असू द्या.

मेट्रो आली, आता बस कशाला?

मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोहोचली. वनाज–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट या दोन रेघा सोडल्या तर बाकीचं पुणे आहेच. सिंहगड रस्ता, कोंढवा, हडपसर, वाघोली इथला माणूस मेट्रोपर्यंत जाणार कसा? बसनेच. मेट्रो दर काही मिनिटांनी येते म्हणून लोक तिच्यावर विश्वास ठेवतात. स्थानकाबाहेर पंचवीस मिनिटं जोडबसची वाट पाहावी लागली की दुसऱ्या दिवशी तोच माणूस दुचाकी काढतो.

गणपतीत आणि पालखीच्या वेळी बस कुठून जाते?

मध्यवस्तीतले रस्ते संध्याकाळी बंद होतात आणि मार्ग वळवले जातात. रात्री जादा बस असतात, आळंदी-देहूलाही पालखीच्या वेळी असतात. बदललेले मार्ग आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येतात.

बस थांब्यावर न थांबता गेली. तक्रार कशी करू?

लगेच करा, संध्याकाळपर्यंत थांबू नका. पाच गोष्टी लागतात: मार्ग क्रमांक, गाडीचा क्रमांक, थांब्याचं नाव, कोणत्या दिशेची बस, आणि वेळ मिनिटासकट. यातला गाडीचा क्रमांक सगळ्यांत महत्त्वाचा, त्यावरून कोणता डेपो, कोणता ठेकेदार, कोण ड्रायव्हर ते कळतं. ‘तुमच्या बस थांबत नाहीत’ एवढंच लिहिलं तर कोणालाच काही करता येत नाही. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.

मार्गावर दिवसाला किती फेऱ्या ठरल्या आहेत आणि प्रत्यक्षात किती झाल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला १० रुपये शुल्क आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत. एका महिन्याच्या एका मार्गापुरतंच विचारा, म्हणजे उत्तर टाळता येत नाही.

तक्रार करून खरंच काही होतं का?

दर वेळी नाही. आमच्या भागात एका खोदकामाच्या वेळी थांब्याचा खांब काढून ठेवला आणि काम संपल्यावर तो परत कोणी लावलाच नाही. ड्रायव्हर नव्या माणसासाठी थांबेनात, कारण थांबा आहे हेच त्यांना कळत नव्हतं. आम्ही सात-आठ जणांनी दोन महिन्यांत तीन पत्रं दिली, शेवटच्या पत्राला खांबाच्या जागेचा आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या खांबाचा फोटो जोडला. त्यानंतरच्या आठवड्यात सकाळी गेले तर ओलं सिमेंट, त्यात उभा खांब, आणि त्याला टेकून आमच्यातले एक काका सव्वाआठच्या बसची वाट बघत होते.